लिटरला चोवीस

प्रभाकररावांनी गुजरात सरकारच्या तोलमाप खात्यात चौतीस वर्षं काढली, आणि त्या चौतीस वर्षांत सुरतेतल्या एकाही दुकानदाराने त्यांना चहा पाजला नाही. म्हणजे पाजायला सगळे तयार होते, हेच पीत नसत. किराणावाल्यांचे तराजू, पेट्रोल पंपांची यंत्रं, कापडबाजारातल्या मीटरपट्ट्या, ट्रक तोलायचे मोठे काटे, सगळं तपासायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा आणि चालू लागायचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी भाजी घ्यायला गेले की त्यांची नजर भाजीवर न जाता तराजूवर जायची. त्यामुळे वजन पक्कं आणि भेंडी जून, असं त्यांच्या बायकोचं, अलकाचं म्हणणं होतं.

अशा माणसाने डिझेलची गाडी घेतली ती काही रंग बघून घेतली नाही. आकडा बघून घेतली. लिटरला चोवीस किलोमीटर. तोही शोरूमवाल्याने तोंडाला येईल तसा सांगितलेला नव्हे, तर मान्यताप्राप्त चाचणीत निघालेला, माहितीपत्रकावर छापलेला. ‘प्रमाणित’ हा शब्द दिसला की प्रभाकरराव विरघळायचे. शिक्का मारलेल्या वस्तूवर संशय घ्यायचा नसतो, घ्यायचा तर ती वापरणाऱ्यावर, ही त्यांची जन्माची शिकवण.

आणि गाडी वापरणारी होती अलका. ती डिंडोलीच्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवायची, नोकरीची तीन वर्षं राहिली होती. चोपन्नाव्या वर्षी तिने गाडी शिकून घेतली, पहिल्याच फटक्यात लायसन काढलं, आणि अडाजणच्या घरापासून शाळेपर्यंत रोज पंधरा किलोमीटर जायला आणि पंधरा यायला ती एकटी गाडी नेऊ लागली. रविवारी प्रभाकरराव गाडी काढत आणि कामरेजच्या पुढे हायवेवर एका जुन्या सहकाऱ्याच्या शेतावर जाऊन येत.

ते शनिवारी संध्याकाळी टाकी काठोकाठ भरत, रविवारी संध्याकाळी त्याच पंपावर पुन्हा भरत. त्यामुळे अलकाचे सहा दिवस वेगळे निघत आणि त्यांचा एक दिवस वेगळा. गाडीच्या पडद्यावर दिसणाऱ्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. किलोमीटर भागिले लिटर, तेही वहीत. त्यांचा रविवार अठरा पॉइंट सहा. अलकाचा आठवडा तेरा पॉइंट आठ.

“चोवीस कुठे आणि तेरा कुठे!” ते म्हणाले. “माझं अठरा तरी पडतं.”

मग सूचना सुरू झाल्या. क्लचवर पाय ठेवून बसतेस का? गिअर वेळेवर बदलतेस ना? अलका आधी हसण्यावारी नेई. पुढे एप्रिल लागला आणि प्रभाकररावांनी एसीकडे मोर्चा वळवला. तिने दहा दिवस एसी न लावता गाडी चालवली. उधन्याच्या रस्त्यावर काचा उघड्या ठेवून, दोन्ही बाजूंनी कापडाचे ताके लादलेल्या टेम्पोंचा धूर घेत ती घरी यायची ती लालबुंद होऊन. त्या खेपेला चौदा पॉइंट एक निघालं. “बघ,” प्रभाकरराव खुशीत म्हणाले, “फरक पडतो की नाही?” अलका तेव्हा माठाजवळ उभी राहून दुसरा पेला पाणी पीत होती.

तरी चौदा म्हणजे चोवीस नव्हे. गाडी सर्व्हिसिंगला न्यायची तेव्हा प्रभाकररावांनी लेखी तक्रार नेली, सोबत अलकालाही. काउंटरवरच्या तरुणाने ती वाचली, आणखी चार गिऱ्हाइकं तिथे उभी होती.

“अंकल, रोज गाडी कोण चलावे छे?” त्याने विचारलं.

“मिसेस.”

“मॅडम चलावे छे?” तो मोकळेपणी हसला. “तो पछी अंकल, कंपनी शुं करे!”

कंपनी तरी काय करणार, यावर चारही गिऱ्हाइकं हसली. आणि प्रभाकररावही हसले. जरा मोठ्यानेच हसले, खरं तर. अलका त्यांच्या शेजारी पर्स धरून उभी होती.

घरी येताना गाडी त्यांनीच चालवली. अलका खिडकीबाहेर बघत बसली होती. घरी आल्यावर तिने आपल्याकडची चावी पर्समधून काढून टीव्हीजवळ ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला डबा घेऊन बसस्टॉपकडे निघाली.

“गाडी?” प्रभाकररावांनी विचारलं.

“नको मला,” ती म्हणाली. “उगीच तुमचा आकडा खाली जातो.”

राग असेल, निवळेल, असं त्यांना वाटलं. तो निवळला नाही. अलका पुढे भांडली नाही, बोलणंही टाकलं नाही. दूधवाल्याचं, लाइट बिलाचं सगळं नेहमीसारखं बोलायची आणि साडेदहाला बसने जायची. दोन बसा बदलून घरी यायला तिला सात वाजत. चौथ्या दिवशी ती सोफ्यावर तळपाय चोळत बसलेली दिसली तेव्हा प्रभाकररावांना कसंसंच झालं. पण चुकलं असं वाटणं वेगळं आणि चूक कुणाची ते सिद्ध होणं वेगळं. त्यांनी ठरवलं, सहा दिवस आपणच तिच्या रस्त्याने, तिच्या वेळेला गाडी न्यायची. अठरा काढून दाखवायचं. मग शांतपणे समजावून सांगायचं की बाई गं, हा पाय असा, हा गिअर असा. तिला शिकवायचं आणि चावी परत द्यायची, असा त्यांचा भला विचार होता.

पहिल्या दिवशी एसी बंद ठेवून निघाले. तापीचा पूल ओलांडला तोवर बरं होतं. मजुरा गेटपासून गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. उधना दरवाज्याला तीन वेळा सिग्नल हिरवा होऊन लाल झाला आणि गाडी होती तिथेच. पुढे रेल्वेवरच्या पुलाचा चढ, चढावर हातगाडी, हातगाडीमागे रिक्षा, रिक्षामागे प्रभाकरराव, क्लचवर पाय ठेवून. दुसरीकडे कुठे ठेवणार? शाळेच्या गल्लीत पोचले तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी एसी लावला आणि वहीत ‘एसी चालू’ अशी प्रामाणिक नोंद केली.

तिसऱ्या दिवशी उधन्याच्या सिग्नलला शेजारच्या लेनमध्ये बस येऊन थांबली. आत खच्चून गर्दी. दांडा धरून उभी असलेली अलका त्यांना दिसली. डब्याची पिशवी तिने कोपरात अडकवली होती आणि मागच्या माणसाचा धक्का लागू नये म्हणून ती पुढे झुकून उभी होती. बस आधी सुटली. प्रभाकररावांच्या मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून शिवी हासडली तेव्हा त्यांना कळलं की सिग्नल आपल्यालाही मिळाला आहे.

परतीची वेळ होईपर्यंत ते शाळेच्या गल्लीत कडुनिंबाखाली गाडी लावून पेपर वाचत. चौथ्या दिवशी काचेवर टकटक झाली. शाळेत घंटा देणारी, पाणी भरणारी धुरपदाबाई. गाडी तिने बरोबर ओळखली होती आणि आपल्या खानदेशी बोलीत विचारलं,

“तुम्ही बाईना साहेब ना? गाडी दुरुस्त व्हयनी का?”

“दुरुस्त?”

“बाई सांगेत ना, गाडी गॅरेजमा शे म्हनीसन. तव्हयपासून बसवर येतस.” धुरपदाबाई बॉनेटवर हात ठेवून म्हणाली. “पोरी रोज इचारतस, बाईनी गाडी कव्हय येई? त्यास्ना घरमा कोन्ही बाई गाडी चालावत नही ना. गाडी उनी का फाटकवर पयत जायेत.”

प्रभाकररावांनी ‘बघतोय तपासून’ असं काहीतरी उत्तर दिलं. धुरपदाबाई गेली आणि गाडी आली की फाटकाकडे पळणाऱ्या पोरी डोळ्यांपुढे आणत ते पेपर तसाच मांडीवर घेऊन बसले. शाळेत अलकाने गाडी गॅरेजमध्ये आहे म्हणून सांगितलं होतं. नवऱ्याने चारचौघांत हसं केलं हे ती कुणाला सांगत फिरली नव्हती. उलट त्याच्यावर पांघरूण घातलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून जरा रागही आला. हिशेब मात्र अजून दोन दिवसांचा बाकी होता आणि अर्धवट तपासणी सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

शनिवारी टाकी भरली. एकशे ऐंशी किलोमीटर, चौदा लिटरच्या वर एक थेंब. बारा पॉइंट आठ.

तेरासुद्धा नाही. अलकापेक्षा एक कमी. प्रभाकररावांनी बिलाकडे पाहिलं, मग पंपाकडे पाहिलं. त्यांनी मॅनेजरला बोलावून पाच लिटरचं माप मागवलं. ते ठेवणं पंपाला बंधनकारक असतं आणि कोणीही मागू शकतो, पण मागणारे प्रभाकररावांसारखे थोडेच. माप सपाट जागी ठेवून, वाकून, डोळा रेषेच्या पातळीत आणून त्यांनी पाहिलं. पाच म्हणजे पाच. पंप धुतल्या तांदळासारखा निघाला.

घरी येऊन त्यांनी माहितीपत्रक काढलं आणि चष्मा पुसून तळाची बारीक अक्षरं वाचली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. आकडा ठरावीक परिस्थितीतला, प्रत्यक्षात वेगळा पडू शकतो. मग त्यांनी चाचणी कशी होते ते मोबाइलवर शोधून वाचलं. बंद खोली. गाडी रोलरवर उभी. चाकं फिरतात पण गाडी जागची हलत नाही. एसी बंद. कधी थांबायचं, कधी वेग धरायचा हे आधीच आखलेलं. हातगाडी नाही, चढ नाही, उधना दरवाजा नाही. आकडा खोटा नव्हता. त्या खोलीपुरता अगदी खरा होता.

आणि प्रभाकरराव नव्या निरीक्षकांना काय शिकवत असत? ट्रकचा काटा कारखान्यात कितीही बरोबर असो, जिथे तो उभा आहे तिथेच तपासायचा. जागा बदलली की जुना शिक्का चालत नाही, पुन्हा तपासणी. हे ज्या दुकानदारांना कळत नसे त्यांना त्यांनी नोटिसा दिल्या होत्या. स्वतःच्या बायकोला मात्र दुसऱ्याच जागेचं माप लावून त्यांनी उणं ठरवलं होतं, आणि तिला नोटीससुद्धा दिली नव्हती.

संध्याकाळी अलका स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. प्रभाकरराव दारात जाऊन उभे राहिले. वही हातात होती.

“मी सहा दिवस तुझ्या रस्त्याने गाडी नेली.”

“माहीत आहे. बसमधून दिसायचात.”

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. “मला बारा पॉइंट आठ पडलं,” त्यांनी घाईने सांगून टाकलं. “तुझं तेरा पॉइंट आठ होतं. एसी न लावता चौदा पॉइंट एक. म्हणजे तू माझ्यापेक्षा चांगली चालवतेस. आकड्यात सिद्ध झालंय.”

ते थांबले. तिचा चेहरा खुलेल अशी त्यांची अपेक्षा होती. अलकाने पोळी तव्यावर टाकली.

“आणि माझंच कमी पडलं असतं तर?”

“पण पडलं नाही ना!”

“तेच विचारतेय. तुम्हाला अठरा पडले असते आणि मला तेराच, तर? मग तुमचं त्या दिवशी हसणं बरोबर होतं?”

चौतीस वर्षांत प्रभाकररावांना असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. माल बरोबर तरी असतो नाहीतर कमी भरतो. कमी भरला की शिक्का नाही. कमी भरलं तरी चालतं असं माप त्यांच्या खात्यात नव्हतं. ते हॉलमध्ये जाऊन बसले. टीव्हीवर बातम्या चालू होत्या, त्यांनी त्या बंद केल्या. भर उन्हात दहा दिवस काचा उघड्या ठेवून ही बाई गाडी चालवत होती, आणि तिची तहान दिसत असताना आपण तिला दशांश चिन्हानंतरचा आकडा सांगत होतो. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं की उठून पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात जायला त्यांना थोडा वेळ लागला.

“कमी पडलं असतं,” ते म्हणाले, “तर थोडं डिझेल जास्त जळलं असतं. आणखी काही नाही.”

अलकाच्या हातातलं लाटणं थांबलं.

“हसायला नको होतं मी,” प्रभाकरराव म्हणाले. “तेव्हाही नको होतं.”

अलकाने गॅस बारीक केला. तिचे डोळे भरून आले होते, आणि हाताला पीठ असल्यामुळे ते तिने दंडाला पुसले. मग तिने टीव्हीजवळची चावी आणून द्यायला सांगितली. त्यांनी ती आणली आणि तिने ओट्याच्या कोपऱ्यात, आपल्या डब्याशेजारी ठेवली.

“सोमवारपासून गाडी मी नेणार. आणि आकडा मला सांगायचा नाही.”

“वही बंदच करतो मी.”

“बंद कशाला करता? ठेवा की. तुम्हाला त्याशिवाय करमणार नाही,” अलका म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली. “फक्त मला सांगू नका.”