दोघांचा नवस

हदासाने पोह्यांची पिशवी उघडली, मूठभर पोहे हातात घेऊन पाहिले आणि पिशवी पुन्हा बांधून कपाटात ठेवून दिली.

"ताई, अगं हे काय?" रुबेन नारळ घेऊन किचनच्या दारात उभा होता. "भिजव ना आता. सगळे येऊन बसलेत."

"आज मलिदा नाही. चहा देते सगळ्यांना."

रुबेनने नारळ ओट्यावर आदळले. मलिदा म्हणजे नवस फेडायची प्रार्थना आणि गोड पोह्यांचा प्रसाद; त्याला त्यांच्या घरी दहा पुरुष लागायचेच, आणि लंडनमध्ये रविवारी दहा बेने इस्राएली पुरुष एका छताखाली आणताना त्याच्या नाकी नऊ आले होते. तो स्वतः ब्रॅकनेलहून ट्रॅफिक कापत आला होता, दोघे भाऊ ईलिंगहून आले होते, आणि सॅमसनकाका तर मॅच सुरू व्हायच्या आत घरी पोचवायच्या अटीवर आले होते. सगळे हदासाच्या इल्फर्डच्या बैठकीत गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

"ज्याच्यासाठी नवस, तो तुझा नातू वर झोपलाय," रुबेन म्हणाला. "हातीपायी धड परत आलाय. आणखी काय पाहिजे?"

"नवस एकट्या ऍरनचा नव्हता."

हे रुबेनला ठाऊक होतं, पण ते ऐकायची त्याची तयारी नव्हती. ऍरन इस्राएलमध्ये, अश्दोदला वाढलेला. त्याला लढाईवर बोलावलं, त्या आठवड्यात हदासा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेली, तर शेजारची नाहिदा पायरीवर फोन धरून बसलेली. तिच्या बहिणीचा मुलगा झियाद गाझात होता आणि फोन लागत नव्हता. हदासा तिच्याशेजारी बसली. तिचाही फोन लागत नव्हताच. तिने नाहिदाचा हात धरला आणि मोठ्याने, मराठीत, एलियाहू हनाबीला, नवसाला पावणाऱ्या त्यांच्या संदेष्ट्याला, सांगितलं की आमची दोन्ही पोरं सुखरूप बाहेर येऊ देत, मी मलिदा करीन. बोलून गेल्यावर तिला आठवलं की एका नवसात दोन मागण्या बांधू नयेत, असं आई बजावायची. एक फळली आणि एक राहिली, तर नवस फिटत नाही. पण शब्द गेला होता.

लढाई थांबली, ऍरन लष्करातून सुटून आजीकडे आला. झियाद पायाला जबर दुखापत होऊन अडकला होता. त्याला शुक्रवारी कैरोला हलवणार असं कळलं, म्हणून हदासाने रुबेनला रविवारचा होकार दिला. शुक्रवारी त्याची अँब्युलन्स सीमेवरून परत फिरली. आज पुन्हा निघाली होती, आणि सकाळपासून काही कळलं नव्हतं.

"त्यांची पोरं त्यांच्या देवाकडे," रुबेन आवाज दाबून म्हणाला. "ताई, त्या जमिनीपायी आपल्या मिरियमने किती दिवस शेल्टरमध्ये काढले? आपण तिथे परके नाही. ते आपलं घर आहे."

"मी कुठे नाही म्हणते? माझी लेक आहे तिथे. पण नाहिदाच्या बहिणीचंही घर तिथेच आहे. आता दोघांनाही उचलून कुठे नेऊन ठेवणार आहेस?"

"म्हणून शांतता होणार नाही कधी."

"होईल. एलियाहू हनाबी परत येऊन आणील."

"तो येईल तेव्हा येईल."

"मग तोवर माझे पोहे कोरडे राहू देत."

रुबेनची इथेच वाढलेली मुलगी नताली रिकामे कप घेऊन आत आली. "आत्या, सॅमसनकाका विचारते, आपण स्टार्ट कधी करणार? आणि डॅड, तुमची आवाज लाउंजमध्ये येतो."

तिच्यामागे झोपेतून उठून आलेला ऍरन उभा होता. त्याने आजीकडे पाहिलं, मग रुबेनकडे.

"माझ्यासाठी आहे ना हे, रुबेनआजोबा?" त्याने विचारलं. "मग थांबू या."

रुबेन बाहेर गेला आणि थोडा वेळ लागेल असं सांगून खाली मान घालून बसला. सॅमसनकाकांनी घड्याळ पाहिलं, कोट मांडीवर घेतला. उठले मात्र नाहीत.

चहा दोनदा झाला. नतालीने केळी, खजूर, सफरचंदं ताटात मांडली आणि वर झाकण घातलं. हदासा खिडकीशी उभी राहून शेजारच्या दाराकडे बघत होती. ते दार धाडकन उघडलं आणि नाहिदा अनवाणीच धावत आली. तिच्या हातातल्या फोनवर हॉस्पिटलची पांढरी चादर दिसत होती आणि त्यावर एक दाढी वाढलेला, दमलेला, हसरा चेहरा.

"कैरो," नाहिदा म्हणाली आणि फोन हदासापुढे धरला.

हदासाने तिला दोन्ही हातांनी मिठी मारली. इतका आनंद तिला मिरियमच्या लग्नातही झाला नव्हता. मग ती आत गेली, पोहे चाळणीत ओतले आणि त्यांवर नळ सोडला. रडत होती आणि हसतही होती. ऍरन कधी शेजारी येऊन नारळ फोडायला लागला ते तिला कळलंही नाही.

खोबरं, साखर, वेलची पडली. ताट बैठकीत आलं. पुरुषांनी टोप्या सारख्या केल्या आणि रुबेन उभा राहिला. इतके महिने दर शनिवारी सिनेगॉगमध्ये तो ऍरनचं नाव 'मिरियमचा मुलगा' असंच घेत आला होता. संकटातल्या माणसाचं नाव आईच्या नावासकट घ्यायची त्यांची रीत. त्याने पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि पुस्तक पुन्हा मिटलं.

"नाहिदा," तो इंग्रजीत म्हणाला, "मुलाच्या आईचं नाव काय?"

"हनान."

"हनान." रुबेनने ते हळूच एकदा म्हणून पाहिलं. मग डोळे मिटले आणि सुरुवात केली. ऍरन, मिरियमचा मुलगा. झियाद, हनानचा मुलगा.

आमेन सगळ्यांत मोठ्याने सॅमसनकाकांनी म्हटलं. त्यांची मॅच केव्हाच सुरू झाली होती.

नाहिदा हदासाच्या कानाशी वाकली. "काय म्हणताहेत ते?"

"पोरांना घरी बोलावताहेत," हदासा म्हणाली, आणि मलिद्याची पहिली वाटी तिने नाहिदाच्या हातात ठेवली.