अटी लागू

गुरुवारी पहाटे पाचला सुरू झालेला पाबासा गुड फ्रायडेच्या दुपारी तीनला संपायचा. तोवर आवाज खंडता कामा नये, एवढी एकच अट. येशूच्या दुःखाची जाडजूड पोथी गाऊन वाचायची, एक बाई दमली की दुसरीने ओळ उचलायची. लोला पासिंगने, म्हणजे पासिंग आजीने, हा नवस सव्वीस वर्षांपूर्वी बोलला, मुलगा रूबेन पहिल्यांदा जहाजावर गेला तेव्हा. सव्वीस वर्षांत गाणं कधी तुटलं नाही आणि रूबेन कधी बुडला नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे विचारायची घरात कुणाची छाती नव्हती.

रूबेनची मुलगी जेरलिन एकोणीस वर्षांची. तिचा यावर विश्वास नव्हता. पण बाप या क्षणी कुठल्याशा समुद्रात होता, त्यामुळे खरंखोटं करून बघायचीही तिची तयारी नव्हती. शनिवारी सकाळच्या बसने ती नोकरीसाठी मनिलाला निघणार होती. बॅग दाराशी भरून ठेवलेली. दर दहा मिनिटांनी ती जायची, बॅगेची चेन उघडायची, आत बघायची, चेन लावायची. आत काही बदललेलं नसायचं.

यंदा टीव्ही लावायची कल्पना तिचीच. पोथीला वाळवी लागली होती आणि वाचणाऱ्या बायकांना मोतीबिंदू. तिने अख्ख्या पोथीचा मोठ्या अक्षरांत सरकत जाणारा व्हिडिओ करून इंटरनेटवर टाकला. बायका खूश झाल्या. लोला पासिंगचं म्हणणं एवढंच, की पोथी अंगणातल्या मांडवात असायलाच हवी. टीव्हीचा एक पाय आखूड होता. तिटो बोयेटने, म्हणजे बोयेटकाकाने, पोथी त्या पायाखाली सरकवली आणि वाऱ्याने काही हलू नये म्हणून सगळ्याला मिळून चिकटपट्टीचे अकरा वेढे मारले. एका दगडात दोन पक्षी मारल्याच्या आनंदात तो दोन दिवस फिरत होता.

अडचण एकच होती, जाहिराती. अधूनमधून त्या टपकायच्या आणि जेरलिन रिमोटने त्यांना हाकलायची. तेहेतीस तास ती रिमोट घेऊन माशा वारायला बसल्यासारखी बसली होती. शुक्रवारी दुपारी दोन वाजता तिला वाटलं, चार्जर घेतलाय का बघावं.

ती चेन उघडते आहे तोच मांडवातून सूर आला, तोच, रडवेला, संथ:

"कॉलरचा मळ... जाईल पळून... एका पुडीवर... एक पुडी फुकट..."

जेरलिन धावली. आठ बायका टीव्हीकडे डोळे लावून कपड्यांच्या साबणाची पावडर गात होत्या. कुणाची लय चुकली नव्हती. शेवटची बारीक अक्षरातली ओळ आलिंग इस्काने एकटीने घेतली. ती गावातली सगळ्यात भरदार गळ्याची बाई. "अटी लागू," असं ती इतक्या आर्ततेने गायली, की मागे सलाबात, आल्याचा काढा, ओतणाऱ्या एका म्हातारीने टॉवेलने डोळे टिपले.

"आलिंग इस्का, ती जाहिरात होती!" जेरलिन कुजबुजली.

"मला काय माहीत? आलं ते म्हटलं," आलिंग इस्का दोन ओळींच्या फटीत म्हणाली. "लिहिणारी तू. मला वाटलं, नवीन भाग घातलास."

लोला पासिंगचा घसा सकाळीच बसला होता. तेव्हापासून ती खुर्चीतून फोनवर मेसेज पाठवत होती. जेरलिनचा फोन वाजला: "गाणं तुटलं नाही. तू रिमोट सोडू नकोस."

जेरलिनने रिमोट धरला. पावणेतीनला वीज गेली.

टीव्ही काळा पडला. बायकांनी चालू ओळ संपवली, शेवटचा सूर होता तेवढा ताणला आणि जेरलिनकडे पाहिलं. वर्षानुवर्षं म्हणूनही शब्द त्यांच्या डोळ्यांत होते, घशात नव्हते. आलिंग इस्काचा सूर एकटाच लांबत होता. तिचा चेहरा जांभळा व्हायला लागला.

"पोथी काढा!" जेरलिन ओरडली. बोयेट चिकटपट्टीला नखं लावून बसला.

"टोक सापडत नाही गं!"

"दातांनी काढा, तिटो!"

आलिंग इस्काचा श्वास संपत आला. जेरलिनला बाप दिसला, डेकवर उभा, हातात कॉफीचा मग, कशाचीच कल्पना नसलेला. तिने तोंड उघडलं. पोथीतली एक ओळ आठवेल तर शपथ. दोन दिवसांत पाठ झालेली एकच गोष्ट बाहेर आली.

"कॉलरचा मळ..." जेरलिन गायली. आवाज फाटका होता, चाल मात्र बरोबर. "जाईल पळून..."

बायकांनी क्षणभर एकमेकींकडे पाहिलं आणि पुढची ओळ उचलली. पुडी फुकट झाली, अटी लागू झाल्या, पुन्हा कॉलर आली. चार फेऱ्या झाल्या. पाचव्या फेरीत बोयेटने दातात पट्टी धरून पोथी खेचली, टीव्ही कलंडून बिको नावाच्या चिकट गोड भाताच्या ताटात बसला, आणि आलिंग इस्काने पान जेरलिनच्या नाकाला टेकवलं. बाकीच्यांना ते दिसतच नव्हतं. उरलेली सगळी कडवी जेरलिनने एकटीने गायली. तीनच्या ठोक्याला संपलं.

जेरलिन तशीच पळत बॅगेकडे गेली, चेन उघडली, लावली आणि परत आली.

लोला पासिंग पोथी मांडीवर घेऊन समासात लिहीत होती. समासात आधीच बरंच होतं, नवसाच्याही आधीचं, तिच्या आईच्या बारीक अक्षरात: इथे पूर आला, दोन कडवी पाण्यात उभं राहून. त्याखाली लोलाने वळणदार अक्षरात साबणाचं कडवं उतरवलं होतं. 'अटी लागू'सकट. आणि शेजारी: इथून पुढे जेरलिन.

"लोला, हे काय? पुढच्या वर्षी हे पण म्हणायचं?" जेरलिनने विचारलं. "आणि मी उद्या जातेय. खोड ना ते!"

लोला पासिंगने शांतपणे फोन उचलला. टिंग.

"पेनाने लिहिलंय."

लगेच दुसरा आला: "गुरुवारी मनिलाहून पहिली बस साडेतीनची असते. पाचला पोचशील."