सोबतीचं नाव

पाठ मॅटवर आदळली तरी धाकटीला खरं वाटेना. पंचांनी पूर्ण गुण पुकारला, बाकांवरून टाळ्या पडल्या, आणि ती आपली पोस्टातलीची बाही मुठीत धरून तशीच पडून राहिली.

"सोडा आता," पंच हळूच म्हणाले. "लागलं का?"

"नाही."

लागलं नव्हतंच. पडणं काही तिला नवीन नव्हतं, पण असं पडणं नवीन होतं. अकरा सेकंदांत, आणि तेही पोस्टातलीकडून! पोस्टाच्या चौकशीच्या फोनवर बसणारी ही बाई पाच वर्षांत धाकटीला एकदाही पाडू शकली नव्हती.

आंधळ्यांच्या जुडोत आधी पकड, मग खेळ. पंच दोघींना मधोमध आणून उभं करतात, एकीची कॉलर आणि बाही दुसरीच्या हातात येते, आणि मगच 'सुरू' म्हणतात. समोरचीचा जोर, घाई, धास्ती, सगळं आपल्या मुठीत कळतं. आज पोस्टातलीच्या हातात धास्ती नव्हती. ती वाट बघत होती. आणि धाकटीची करंगळी सैल पडली त्याच क्षणी ती आत घुसली.

करंगळीचं हे असं होतं. खांद्यावरून फेकायच्या आधी धाकटीच्या डाव्या हाताची करंगळी बाहीवरून जराशी सुटायची. डोळ्यांना दिसण्याजोगं नव्हतं ते, शिकवणाऱ्या सरांनाही पत्ता नव्हता. चार वर्षांपूर्वी ताईने, सरावाला रोज समोर उभ्या राहणाऱ्या तिच्या डोळस थोरल्या बहिणीनेच, पकडलं होतं. "अगं, तुझी करंगळी चुगली करते!" म्हणाली होती, आणि दोघी मॅटवर लोळून हसल्या होत्या. खोड काही गेली नाही. मग कुणाला सांगायचं नाही, एवढं ठरलं. माहीत दोघींनाच. धाकटीला आणि ताईला.

आज तीनपैकी दोन लढती जिंकेल ती संघात जाणार होती. धाकटीचे डोळे सातव्या वर्षी तापात गेले, चौदाव्या वर्षी शाळेतल्या सरांनी तिला मॅटवर ओढलं, आणि तेव्हापासून तिने दुसरं काही केलंच नव्हतं. दिवसभर हॉस्पिटलचे फोन जोडायचे, संध्याकाळी हॉल गाठायचा. घरात पदकांचा डबा भरला होता. पण जगातली सगळ्यात मोठी स्पर्धा राहिली होती. गेल्या खेपेला निवडीच्या आदल्या आठवड्यात गुडघा गेला. आता एकतिसावं सरत आलं होतं, पुढच्या खेपेला पस्तीस. त्या वयात कोण उभं करतंय!

दुसऱ्या लढतीला वीस मिनिटं होती. ताई तिला कपडे बदलायच्या खोलीत घेऊन आली, बाकावर बसवलं आणि बोटांची भिजलेली पट्टी सोडायला लागली.

"पोस्टातलीला कुणी सांगितलं?"

ताईचे हात थांबले.

"काय सांगितलं?"

"ताई, उगाच वेळ काढू नकोस. वीसच मिनिटं आहेत."

बाहेर कुणीतरी पाण्याची टाकी सरकवत होतं. ताई शेजारी बसली.

"मी."

"कधी?"

"मागच्या महिन्यात. फोन केला तिला. ती नको म्हणत होती, असलं जिंकणं मला पचायचं नाही म्हणाली. मग मी सगळं सांगितलं." ताईचा आवाज चिरका झाला होता. "कारखान्यातून पत्र आलंय. कापड बेतायच्या विभागाची मुख्य. राहायला खोली. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. हे तिसरं पत्र आहे. दोनदा मी नाही म्हटलं, आता पुन्हा नाही विचारणार ते."

"मला का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तू 'जा' म्हणाली असतीस. मग दोन दिवस जेवली नसतीस, आणि मी गेलेच नसते. ओळखते ना मी तुला! जिंकलीस की वर्षभर शिबिरं, मग स्पर्धा, मग पुढची निवड. तू थांबणारी नाहीस." तिने सुटलेली पट्टी बाजूला टाकली. "नऊ वर्षं झाली गं. रोज दीडशे वेळा आपटून घेते. खांदा दोनदा निखळला. चाळिशी आली माझी. मी माणूस आहे की गादी?"

धाकटीचे कान तापले. ताईची दया यायला हवी होती, हे तिला कळत होतं. दया आली नाही. मागच्या महिन्यापासून रोज संध्याकाळी हीच बाई समोर उभी राहत होती, पाडून घेत होती, 'आज फेक झकास झाली हं' म्हणत होती, आणि तिकडे फोन करून आली होती.

"तोंडावर सांगितलं असतंस तर भांडले असते. तुला नाही नाही ते बोलले असते. पण हे तू केसाने गळा कापलास, ताई."

ताई म्हणाली, "पट्टी राहिलीय."

धाकटीने हात पुढे केला. दुसरं कुणी होतं कुठे बांधायला? ताईने एकेका बोटाला वेढे दिले, नेहमीसारखेच, ना घट्ट ना सैल.

दुसऱ्या लढतीत धाकटीने करंगळी मुद्दामच सोडली. पोस्टातली हपापल्यासारखी आत आली, आणि येता येताच उचलली गेली. इतकी जोरात आपटली की बाकांवरची बडबड थांबली. तिसऱ्या लढतीत बिचारीला कशावरच भरवसा उरला नाही. हात नुसते अडखळत होते. धाकटीने तिला खाली ओढलं, छातीखाली दाबलं आणि जिंकायला लागतात तेवढे वीस सेकंद हलू दिलं नाही. उठताना पोस्टातली तिच्या कानाशी पुटपुटली, "माफ कर गं." धाकटीने तिच्या पाठीवर थोपटलं. तिच्यावर राग नव्हताच.

मग टेबलापाशी गर्दी झाली. सरांनी धाकटीला मिठी मारली, नाक ओढलं आणि रडत नसल्याचं दोनदा सांगितलं. निवड मंडळाच्या बाई फॉर्म भरत होत्या.

"सोबत डोळस जोडीदार कोण? सरावालाही तीच आणि प्रवासालाही तीच. एकदा नाव दिलं की स्पर्धा होईपर्यंत बदलायचं नाही हं, मागच्या खेपेला फार घोळ झाला. शिबिर पुढच्या सोमवारपासून."

सर घसा खाकरून म्हणाले, "एक सुचवू का? माझी भाची आहे, ब्लॅक बेल्ट. तुझ्याच वजनाची. कधीची मागे लागलीय. ताईंनी फार केलं, आता त्यांनाही जरा मोकळं होऊ दे."

धाकटीच्या उजवीकडे ताई उभी होती. तिचा श्वास अडकला, तो धाकटीने ऐकला. भाची चांगली होती. दोनदा सराव केला होता तिच्याशी. हात दणकट होते, पोरगी हसरी होती. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. सगळे वाट बघत होते, आणि धाकटीने त्यांना बघू दिली.

"ताईचंच लिहा," ती म्हणाली.

"वा!" बाई म्हणाल्या. "पण त्यांना विचारायला नको का?"

"तिला काय विचारायचं? नऊ वर्षं सगळं माझ्यासाठीच तर केलं तिने."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. अशी बहीण मिळायला भाग्य लागतं, असं सर म्हणाले, आणि चार जणांनी त्यांना दुजोरा दिला. ताईच्या पाठीवर थापा पडल्याचे आवाज आले. ताई बोलणार तरी काय? त्या फोनची गोष्ट या सगळ्यांपुढे काढणार?

"इथे सही," बाई म्हणाल्या.

धाकटीने टेबल चाचपून पेन शोधलं, ताईचा हात शोधला आणि त्याच्यात पेन ठेवलं.

"कर ना, ताई," ती अगदी मायेने म्हणाली. "सगळे थांबलेत."