काडीच्या मापाची जाळी

माझा नवरा क्वालिटीत आहे, ही लग्नाआधी मला जमेची बाजू वाटली होती. चाकणच्या एका कंपनीत श्रीपाद गाड्यांचे सुटे भाग तपासतो आणि घरी आला की मला तपासतो. पोळी कडेला जाड झाली, टेबलाचा एक पाय आखूड आहे, नळ मिनिटाला आठ थेंब गळतो. बावीस वर्षं आठवीच्या पोरांना गणित शिकवलेली बाई मी, ऐकून घेणाऱ्यातली नाही. भोसरीतल्या आमच्या रो-हाउसच्या भिंती पातळ आहेत, त्यामुळे आमच्या घरातली सगळी मापं शेजाऱ्यांनाही पाठ आहेत.

कंपनीत नव्या पोरांना तो पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगतो. बिनमधला, म्हणजे मालाच्या पेटीतला, वरचा पीस मोजू नका. तो हाताला लागतो म्हणून मोजता तुम्ही. तळातला काढा, खोट तिथे असते. हे मला पाठ आहे, कारण घरी टोमॅटो निवडतानाही हेच चालतं.

तर अशा माणसाने मांजरांसाठी अंगणात जाळीचं घर करायचं ठरवलं, त्याची ही गोष्ट.

आमच्याकडे मांजरं दोन. भोपळ्या हा बोका नावासारखाच, दिवसाचे अठरा तास झोपतो आणि उरलेल्या वेळात खातो. दुसरी काडी, वजनाने त्याच्या निम्मीसुद्धा नाही. तिसरी होती टिकली, काडीची सख्खी बहीण. फेब्रुवारीत सकाळी समोरच्या रस्त्यावर ती टेंपोखाली गेली. श्रीपाद कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होता, त्याच्या डोळ्यांदेखत झालं ते. आपल्या जॅकेटमध्ये गुंडाळून त्याने तिला घरी आणलं आणि पेरूखाली पुरलं. भिंतीवरून उडी मारून गेली असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. त्या दिवसापासून श्रीपादने घराची एक खिडकी उघडू दिली नाही, आणि ते जॅकेटही पुन्हा अंगात घातलं नाही.

भोपळ्याला काही फरक पडला नाही. काडी मात्र काचेला नाक लावून दिवसभर ओरडायची. मग ओरडणं थांबलं, आणि हळूहळू खाणंही. सप्टेंबरात डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर ठेवलं आणि तोंड वाकडं केलं. "आजार काही नाही हिला," ते म्हणाले. "ऊन-वारा पाहिजे. असंच चाललं तर ही हाती लागायची नाही."

श्रीपाद गाडीत येऊन बसला, पण किल्ली काही फिरवेना. सोडावं तर बाहेर रस्ता, कोंडावं तर हे. इकडे आड, तिकडे विहीर. मी पण गप्प बसले, आणि माझ्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवर कागद चिकटला. मथळा, गरजा. खाली ऊन, सावली, चढायला फळ्या, वरून बंद, खालून बंद, दाराला दुहेरी बोल्ट. मी खाली पेनने लिहिलं, नवऱ्यालाही आत बसता यावं. त्याने ते खोडलं नाही, पुढे 'उंची सहा फूट' असं लिहिलं.

मग निवड सुरू झाली. आधी ऑनलाइन तंबू मागवला, जाळीचा, चेनवाला. चित्रात त्यात तीन गोरी मांजरं हसत होती. आमच्या भोपळ्याने त्याच्या छतावर बसून बघितलं आणि तंबू त्याच्यासकट खाली आला. दुसऱ्यांदा उभा केला, तेव्हा काडीने नखाने चेन उघडून दाखवली. तो परत पाठवला.

मग कबुतरांची जाळी बसवणारा माणूस आला. "मॅडम, दहा वर्षं बघायला नको," म्हणाला. नमुना म्हणून हातभर तुकडा ठेवून गेला. भोपळ्याने एका दुपारात तो चावून त्याला डोकं जाईल एवढं भोक पाडलं. पिंपरी कॅम्पात एका दुकानदाराने तयार पिंजरा दाखवला, चांगला चकचकीत. मी म्हटलं, "यात मांजर मावेल हो, पण तिने फिरायचं कुठे?" तो म्हणाला, फिरायचंच असेल तर पिंजरा कशाला घेता. त्याचंही बरोबर होतं म्हणा.

शेवटी श्रीपाद म्हणाला, "आपण बनवूनच घेऊ. दत्तोबांकडे."

दत्तोबा मूळचे भोसरी गावातले. एमआयडीसीत त्यांची शेड आहे, कंपन्यांना माल भरायचे जाळीचे बिन करून देतात. ते घरी आले, अंगण पायांनी मोजलं आणि चहा बशीत ओतून म्हणाले, "वैनी, आजवर लोखंड कोंडलं, मांजर कदी कोंडलं न्हाई. पर करू."

श्रीपादने ड्रॉइंग काढायला घेतलं. जाळीचा चौकोन केवढा ठेवायचा यासाठी त्याला मांजराच्या डोक्याचा गेज हवा होता. गेज म्हणजे मापाचा लाकडी ठोकळा. भोकातून तो गेला तर मांजर जाईल, अडला तर अडेल. काडी पलंगाखाली जाऊन बसली होती, दोनदा हात घातला तर दोनदा बोचकारलं. भोपळ्या सोफ्यावर पसरला होता. श्रीपादने टेप त्याच्या डोक्याला लावली, त्याने एक डोळा उघडला आणि परत मिटला. मी समोरच वह्या तपासत बसले होते. माझ्याही डोक्यात काही आलं नाही, हे आत्ताच कबूल करून टाकते.

दत्तोबांनी मात्र शेडमध्ये जाळी हातात धरून विचारलं होतं, "सायब, तीन इंचाची हाय ही. मांजराला चालंल का?"

"गेज जात नाही त्यातून. ड्रॉइंगप्रमाणे करा."

"मंग सही करा हितं."

श्रीपादने सही केली. पार्टीने ड्रॉइंगवर सही केली की आपण तोंड उघडायचं नाही, असा दत्तोबांचा धंद्यातला नियम आहे. या पट्ट्यात सगळ्यांचाच आहे.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी जाळीघर उभं राहिलं. खरं सांगते, देखणं झालं होतं. पेरूचं झाड निम्मं आत घेतलेलं, तीन फळ्या, वर पत्रा, दाराला दुहेरी बोल्ट. श्रीपादने भोपळ्याला आत सोडून पाहिलं. भोपळ्या पाच मिनिटं चालला आणि झोपला. श्रीपादने दारावर कंपनीतलं हिरवं 'ओके'चं स्टिकर चिकटवलं. काडीला मात्र सकाळी पूजा करूनच सोडायचं ठरलं.

खंडेनवमीला दत्तोबा शेडमधली पूजा उरकून झेंडूची माळ आणि नारळ घेऊन आले. नवं काम, पूजा तर पाहिजेच. माळ बांधली, नारळ फोडला. भोपळ्या आत आपल्या वाटीपाशी पसरलेला होताच, मी काडीलाही उचलून आत ठेवलं. आठ महिन्यांनी तिच्या पायाला माती लागली. ती थबकली, नाक वर करून वास घेतला. मला भरून आलं, आणि श्रीपाद दुसरीकडे बघायला लागला.

मग काडी सरळ पलीकडच्या कोपऱ्यात गेली, जाळीतून डोकं घातलं, खांदे घातले, शेपटी ओढून घेतली आणि भिंतीवरून दिसेनाशी झाली. यात तिला फार कष्ट पडलेत असंही दिसलं नाही.

"वरचा पीस मोजला मी," श्रीपाद म्हणाला. एवढंच. चप्पल न घालता तो फाटकातून पळत सुटला, आणि त्याच्यामागे मी.

रस्त्यावर वर्दळ होती. सणाचा दिवस म्हणून टेंपो सगळे धुतलेले, पुढे झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे. माझा नवरा रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा राहिला आणि ते सजवलेले टेंपो एकामागे एक थांबले. एक ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "काय झालं राव, कुणी पडलं का?" मांजर म्हटल्यावर त्याने शिवी घातली, आणि मग स्वतःच वाकून आपल्या टेंपोखाली बघितलं. आम्ही गटारी बघितल्या, बंद दुकानांच्या फळ्यांखाली बघितलं, हाका मारल्या. अर्धा तास गेला, काडी कुठे नाही.

श्रीपाद दुभाजकावर मटकन बसला. पायाला काच लागून रक्त येत होतं, ते त्याला कळलंही नव्हतं.

"चारू, तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "टिकली भिंतीवरून नव्हती गेली. बसला उशीर झाला म्हणून मी पळत निघालो. फाटक मी उघडं टाकलं होतं."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे वळून बघितलं.

"तू तिला घेऊन यायच्या आधी फाटक मीच ओढून घेतलं. तुला उघडं दिसू नये म्हणून."

"आणि बोलली नाहीस? तू?"

"तू रोज स्वतःला बोलत होतास की. मी त्यात आणखी काय घालणार होते?"

तो रडला. भर रस्त्यात, माळा घातलेल्या टेंपोंसमोर, पन्नाशीचा माणूस. मी शेजारी बसून राहिले. मलाही रडू येत होतं, पण दोघंही रडत बसलो तर काडीला शोधणार कोण? शेवटी त्याला दंडाला धरून उठवलं आणि म्हटलं, "आधी घरी चल, चप्पल घाल. मग गावात शोधू."

फाटकाशी आलो तर दत्तोबा जाळीघराबाहेर उकिडवे बसलेले, बोट ओठांवर. आत भोपळ्याची वाटी होती, तिच्यात काडीचं तोंड होतं. ती खात होती. आठवडाभर एकदाही वाटी न संपवलेलं माझं मांजर वाटी चाटूनपुसून खात होतं, आणि भोपळ्या शेजारी बसून नुसता बघत होता.

"शेजारच्या पत्र्यावर बसली व्हती घटकाभर," दत्तोबा कुजबुजले. "मंग आली तिची ती. गेली तशीच आत शिरली."

श्रीपाद दार उघडून आत गेला आणि, चौकोन सगळीकडे तेवढेच होते तरी, त्याच कोपऱ्याला पाठ लावून बसला.

"दत्तोबा, बारीक जाळी कधी लावाल?"

"उद्या. आज हत्यारं पूजेत हायती, हात लावायचा न्हाई." मग जरा थांबून म्हणाले, "ह्या बारीला माप तिचं घ्या."

"तिला आत्ता घरात उचलून नेऊ या का?" मी विचारलं. काडी तोवर खाणं संपवून श्रीपादच्या मांडीवर चढली होती आणि उन्हात एक पाय वर करून अंग चाटत होती. त्याने मान हलवली. नको, म्हणाला, असू दे तिला बाहेर.

संध्याकाळपर्यंत तो तिथून हलला नाही. त्याच्या पायाला हळद मी तिथेच लावली, जेवणाचं ताटही आतच नेऊन दिलं. पोळी कडेला जाड होती, ते मला करतानाच कळलं होतं. त्याने सगळी खाल्ली आणि अजून एक मागितली.