हवामानवाल्यांना पडलेले एक मत

बातमी आली तेव्हा फ्रिजवाल्याचे डोके औषधवाल्यांच्या फ्रिजमध्ये होते. दाराचे रबर सैल पडल्यामुळे बर्फ ओघळून भाजीच्या खणात तळे साचले होते आणि तो टॉर्च दातांत धरून रबराची खाच चाचपत होता. मागे औषधवाल्यांची बायको ओट्याला टेकून उभी होती. औषधवाले स्वतः आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते, कारण त्यांचे आजोबा हरले होते. आजोबा म्हणजे मावळते राष्ट्राध्यक्ष. सारा देश त्यांना आजोबाच म्हणे. सकाळी निकाल लागला, आजोबा पडले आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या बाई निवडून आल्या. तेव्हापासून औषधवाल्यांनी दुकान उघडले नव्हते, चहाला तोंड लावले नव्हते, आणि 'आता या देशात राहण्यात अर्थ नाही' असे म्हणून दोनदा कूस तेवढी बदलली होती. बायको मात्र गुणगुणत होती. नवऱ्याच्या कानावर जाणार नाही इतपतच, पण गुणगुणत होती.

"शाळेच्या फाटकावर कागद लागलाय," ती म्हणाली. "आपल्या केंद्रात कुणाला किती मतं पडली त्याचा. तुमच्या हवामानवाल्यांना एक पडलंय."

फ्रिजवाल्याने डोके झटक्यात वर केले आणि ते फ्रीझरच्या तळावर आपटले. टॉर्च तोंडातून निसटून तळ्यात पडला.

"किती?"

"एक. तुमचं." तिने टॉर्च काढून फडक्याने पुसून दिला. "पण मानलं बाई तुम्हाला. सगळी दुनिया एकीकडे आणि तुम्ही एकटे एकीकडे. नाहीतर आमचे बघा, एका निकालात आडवे झालेत."

हवामानवाले हे या निवडणुकीतले तिसरे उमेदवार. उभा जन्म त्यांनी हवामानखात्यात काढला होता, रेडिओवरून उद्याचा पाऊस सांगितला होता आणि सांगितलेला पाऊस पडला नाही म्हणून लोकांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. निवृत्त झाल्यावर ते राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले. आजोबा म्हणत, रस्ते होणारच. बाई म्हणत, रस्ते मीच करणार. हवामानवाले म्हणत, रस्ते बहुधा होतील, पैसा पुरला नाही तर अर्धे होतील. सभेतले लोक पोट धरून हसत. फ्रिजवाल्याला मात्र पहिल्याच सभेत वाटले की हा आपला माणूस. त्याच्या धंद्यातही हेच होते. गॅस भरला, मशीन घरघरू लागले, की गिऱ्हाईक विचारते, आता बंद नाही ना पडणार? फ्रिजवाला म्हणे, "बहुधा नाही." या एका शब्दापायी त्याची निम्मी गिऱ्हाइके छातीवर हात ठेवून शपथ घेणाऱ्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली होती.

गेले सहा महिने त्याने एकही फ्रिज नुसता दुरुस्त करून दिला नव्हता. सोबत भाषण असायचेच. गल्लीने ते एका कानाने ऐकले आणि दुसऱ्याने सोडून दिले, पण घरच्यांकडून त्याने रीतसर शब्द घेतला होता. बायको, सासूबाई, मुलगी, वरच्या मजल्यावर राहणारा मेव्हणा आणि समोरचा शिंपी, जो लहानपणापासूनचा दोस्त म्हणून घरातलाच. स्वतःला धरून सहा मते. सहा म्हणजे देशाच्या हिशेबात किस झाड की पत्ती, हे त्यालाही कळत होते. पण कागदावर हवामानवाल्यांपुढे सहाचा आकडा दिसला असता तर आपले घर आपल्या मागे उभे आहे हे गल्लीला दिसले असते. त्याला तेवढेच हवे होते.

आणि आकडा होता एक. पाचही जण तोंडावर हो म्हणाले होते. रबर बसवून, हत्यारांची पिशवी उचलून तो बाहेर पडला तेव्हा रागाने त्याचे कान तापले होते. पण चार पावले गेल्यावर तो राग त्याच्याच अंगाशी आला.

कारण ते एक मत त्याचे नव्हते.

ही गोष्ट त्याने अजून स्वतःशीही मोठ्याने म्हटली नव्हती. मतदानाच्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी जाऊन रांगेत उभा राहिला, आडोशाला गेला, शिक्का हातात घेतला आणि त्याच्या मनात आले की आपण आयुष्यात एकदाही जिंकलेलो नाही. शाळेत ज्या संघात असायचा तो संघ हरायचा. ज्या कंपनीचे फ्रिज चांगले म्हणून तो सांगायचा ती कंपनी बुडायची. हवामानवाले पडणार हे तर आभाळाला विचारायलाही नको होते. आजोबा येणार असे सगळी वर्तमानपत्रे सांगत होती. एकदाच, कुणाला न सांगता, जिंकणाऱ्याच्या बाजूला उभे राहून बघावे, कसे वाटते ते, असा विचार करून त्याने आजोबांवर शिक्का मारला. आणि आजोबाही पडले. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, ते असे.

शाळेच्या फाटकाशी ही गर्दी होती. बेकरीवाली बाईंच्या विजयाची फुकट बिस्किटे वाटत होती, आणि निवृत्त पोस्टमास्तर त्यातलीच बिस्किटे खात देश कसा बुडाला ते सांगत होते. फ्रिजवाल्याला पाहताच लोकांनी वाट करून दिली. थट्टा होईल म्हणून तो मान खाली घालून आला होता, तर उलटेच घडले. पोस्टमास्तरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बेकरीवालीने त्याला दोन बिस्किटे जास्त दिली. एकटा असला तरी शेवटपर्यंत टिकला, असे कुणीतरी मागून म्हणाले. त्याने कागद वाचला. आकडा एकच होता आणि छपाईची चूक वाटावी असे त्यात काही नव्हते.

मग हे मत कुणाचे?

शिंपी त्याला बाजूला घेऊन गेला. दोन्हीकडचे झेंडे शिवून झाल्यावर, दोन्हीकडच्यांना तोंड दाखवायचे असल्याने, त्याने चिठ्ठी टाकून मत दिले होते. आणि चिठ्ठीत हवामानवाल्यांचे नाव टाकायलाच तो विसरला होता. हे सांगताना तो गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होता. फ्रिजवाल्याने त्याला जवळ घेतले आणि झाले ते झाले म्हणाला. दोस्त एवढ्या मोठ्या मनाचा आहे हे शिंप्याला आजवर माहीत नव्हते. फ्रिजवाल्यालाही नव्हते.

दुपारी घरी सासूबाईंनी ताट वाढले आणि न जेवता समोर बसून राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "जावईबापू, मी आजोबांना दिलं हो. एका बाजूनं अगदी आमच्या ह्यांच्यासारखे दिसतात. शिक्का दुसरीकडे उठेचना." दिवंगत सासऱ्यांपुढे हवामानवाल्यांचा काय पाड लागणार? त्याने त्यांनाही माफ केले. मुलीने बाईंना मत दिले होते आणि ती रडायच्या बेतात होती. जिंकूनही बिचारीला सकाळपासून हसता आले नव्हते. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला हसण्याची परवानगी दिली. मेव्हण्याचे तर सोपे होते. तो जिन्यावरूनच म्हणाला, "भाऊजी, खरं सांगू? मी गेलोच नाही. झोप लागली."

एकेकाला क्षमा करताना त्याची थोरवी वाढत होती आणि संशयितांची यादी आखडत होती. शिंपी नाही, सासूबाई नाहीत, मुलगी नाही, मेव्हणा नाही. राहिली बायको. पण ती कशी असेल? हवामानवाल्यांना सगळ्यांत जास्त हसली असेल तर ती. ती बस आगारात तिकिटाच्या खिडकीवर बसे, आणि दिवसभर लोकांची घाई ऐकून घरी आली की हा भाषण सुरू करी. सहा महिने तिने त्याला छळले होते. जेवण कधी होणार विचारले की "बहुधा आठला" म्हणे. शर्टाचे बटण लावलेस का विचारले की "पाऊस पडला नाही तर लावीन" म्हणे. मत देशील ना असे विचारले तेव्हाही ती हसूनच "हो, बहुधा" म्हणाली होती. गल्लीतले दुसरेच कुणीतरी असेल, असे तो संध्याकाळपर्यंत मनाला सांगत राहिला.

ती पाचनंतर आली. चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली, हातपाय धुतले.

"कागद बघितला मी येताना," ती म्हणाली. "एकच आहे."

"हो."

"हं."

इतकी वर्षे संसार केलेल्या माणसाला 'हं'चे प्रकार कळतात. हा 'हं' त्याने पूर्वी कधी ऐकला नव्हता, पण त्याचा अर्थ त्याला क्षणात कळला. मत तिचे होते. आणि मत तिचे असल्यामुळे, कागदावर एकच आकडा पाहिल्याबरोबर, आपल्या नवऱ्याने काय केले हे जगात फक्त तिला कळले होते. चोराला पकडावे आणि पकडणाऱ्याने ओरडूच नये, तशी त्याची गत झाली.

तो काही बोलणार तोच दारात माणसे दिसली. पुढे पोस्टमास्तर, मागे शिंपी, बेकरीवाली, इतकेच काय, सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडलेले औषधवालेही. आणि या सगळ्यांच्या मध्ये, लख्ख उजेडात हातात छत्री घेऊन, स्वतः हवामानवाले.

त्यांना खुर्ची दिली. ते टेकले आणि म्हणाले की आभार मानायला फिरतो आहे. ज्या केंद्रात शंभर मते पडली तिथे कुणाचे आभार मानायचे ते समजत नाही. जिथे एक पडले तिथे विचारत विचारत घर सापडते. निवडून येऊ असे वाटले होते का, असे पोस्टमास्तरांनी विचारल्यावर ते प्रामाणिकपणे म्हणाले, "बहुधा नाही." औषधवाल्यांना दिवसातले पहिले हसू तिथे आले.

बायकोने चहा टाकला. ती किटली घेऊन कपांवर वाकली असताना हवामानवाले उठले आणि त्यांनी फ्रिजवाल्यापुढे हात केला. म्हातारा हात होता. म्हणाले, "माणसं मला हसली त्याचं काही नाही. पण निकाल ऐकताना वाटलं, आपण बोललो ते कुणाला पटलं होतं का? तुमच्या घराचा पत्ता मिळाला तेव्हा बरं वाटलं."

तो हात हातात घेतला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. गल्लीत मान राहिला असता, म्हातारा समाधानाने गेला असता. अडचण एकच होती, आणि ती किटली धरून उभी होती. तिने मान वर केली नाही. चहाची धार तेवढी कपाबाहेर गेली.

"ते मत माझं नाही," फ्रिजवाला म्हणाला. "हिचं आहे."

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पोस्टमास्तर म्हणाले, याला म्हणतात मोठेपणा, श्रेयसुद्धा बायकोला देतोय.

"अहो खरंच नाही," फ्रिजवाला कळवळून म्हणाला. "मी आजोबांना दिलं."

हे ऐकून तर सगळे खो खो हसले. औषधवाल्यांनी मांडीवर थाप मारली. शिंपी म्हणाला, हा असाच आहे लहानपणापासून, स्वतःची स्तुती ऐकवत नाही याला. फ्रिजवाल्याने मुलीकडे पाहिले, तीही कौतुकाने हसत होती. हवामानवाल्यांनी त्याचा हात आपणच ओढून घेतला, दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा छातीठोकपणे, 'बहुधा' न लावता, तो काहीतरी बोलला होता, आणि एकाही माणसाचा त्याच्यावर विश्वास बसला नव्हता.

मंडळी गेली. सासूबाई आणि मुलगी पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेल्या. स्वयंपाकघरात बायको कप विसळत होती. तो दाराशी जाऊन उभा राहिला.

"तू तर हसायचीस त्यांना."

"हसायचेच. अजून हसते." तिने नळ बारीक केला. "हसतं माणूस म्हणून मत देऊ नये की काय?"

"मग दिलंस कशाला?"

एका कपाच्या कानाशी चिकटलेली साय ती नखाने काढत राहिली.

"सगळे तुमच्या तोंडावर हो म्हणत होते," ती म्हणाली. "आईचं मला ठाऊक होतं. दादा उठणार नाही हेही ठाऊक होतं. सहा महिने घसा फोडलात तुम्ही. म्हटलं, निकाल लागेल तेव्हा तिथे तुमचं एकट्याचंच मत असेल. ते काही मला बघवलं नसतं. म्हटलं, निदान दोन तरी असू देत."

चुकलो म्हणावे, तर तो शब्द एका शिक्क्याला फार मोठा आणि तिने जे केले त्यापुढे फारच लहान वाटला. तो तसाच पुढे होऊन तिच्या शेजारी उभा राहिला आणि खुंटीवरचे फडके हातात घेतले.

तिने त्याच्याकडे पाहिले नाही. पण विसळलेला कप त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला, पुसला, फळीवर ठेवला, आणि पुढच्या कपासाठी हात पुढे करून उभा राहिला.