कॅमेऱ्यापुरती पेटणारी चूल

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेलं आहे. सकाळचं कोवळं ऊन, त्यात तिरपा चढणारा धूर, नऊवारीतली आजी आणि बिडाच्या तव्यावर जाळी पडत जाणारं घावन, असा व्हिडिओ तुमच्या घरात कुणाच्या तरी मोबाईलवर येऊन गेलाच असेल. त्या तव्याखाली जी काळी, फुगीर, एका अंगाला जरा कललेली चूल दिसते, ती मी. आजीचं आणि घावनाचं तुम्ही भरभरून कौतुक केलंत, त्यात माझाही वाटा होता. तो वाटा मला आता नको झाला आहे, आणि का ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

वेळणेश्वराच्या अलीकडे, रस्त्याच्या वरच्या अंगाला दमयंतीचं चिऱ्याचं घर आहे. ती या घरात नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूची चूल तिला फार बुटकी पडायची, वाकून वाकून पाठ भरून यायची. म्हणून तिने वारुळाची माती आणली, त्यात भाताचा कोंडा कालवला आणि मला आपल्या मापाने घडवलं. माझ्या उजव्या कडेवर तिच्या अंगठ्याचा एक खळगा आहे. तो चुकून राहिला होता, पण पळी टेकवायला बरा पडला, म्हणून तिने तो कधी बुजवला नाही.

तेव्हा अंजनवेलला वीज प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं. नवरा लवू मुंबईला नोकरीत, म्हणून दमयंती कामगारांचे डबे करू लागली. माझ्यावर भाताचं मोठं पातेलं चढायचं, माझ्याच जाळावर तापणाऱ्या शेजारच्या वैलावर आमटी उकळायची. धुराने तिचे डोळे लाल व्हायचे. मला त्याचं काहीच वाटत नसे. चूल म्हटली की धूर यायचाच, असं मी समजत होते.

पुढे गॅस आला आणि मी मागच्या पडवीत एकटी पडले. माझ्यावर नारळाची सोडणं रचली गेली, मांजरीने माझ्या पोटात बाळंतपणं उरकली. दमयंतीचे डोळे आता पाणावत नाहीत, हे माझ्या ध्यानात आलं नाही. मी आपली रुसून बसले होते.

लवू वारल्यानंतर मुलगा गौरव मुंबईची नोकरी सोडून घरी आला, आणि त्याची बायको तेजस्वीही. दोघांनी दोन खोल्या बांधल्या आणि पर्यटकांना राहायला द्यायचं ठरवलं. तेजस्वीने मुंबईत दुकानांची सोशल मीडियाची कामं केली होती. तिने घराचं पेज उघडलं, खोल्यांचे, पलंगांचे, समुद्राचे फोटो टाकले. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एके सकाळी स्वयंपाक अर्ध्यावर असताना सिलिंडर संपला.

"थांब गो, मागं पेटवतंय," दमयंती म्हणाली. तिने मला झाडलं, सोडणं रचली, फुंकणीने फुंकर घातली. घावनाचा पहिला चर्रर आवाज झाला आणि तेजस्वी दारातच थबकली.

"आई, हलू नका. तशाच बसा."

तो व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला. फोन वाजू लागले, खोल्या भरल्या, आणि मी फुगले. मग मी रोज पेटू लागले. दमयंती एरवी मॅक्सी घालते आणि खांद्यावर टॉवेल टाकते. नऊवारी ती लग्नातसुद्धा नेसली नव्हती. तेजस्वीने तिच्यासाठी शिवलेली नऊवारी मागवली. सुकं लाकूड नीट जळतं, धूर कमी देतं, म्हणून तेजस्वी त्यावर पाणी शिंपडायची. "धूर दिसला की लोक थांबतात, आई," ती सांगायची. पैसे भरून व्हिडिओ जास्त लोकांपुढे न्यायची सोय असते, तिला बूस्ट म्हणतात. मला ती मोबाईलची फुंकणीच वाटायची.

पाहुण्यांचं जेवण मात्र आत गॅसवर व्हायचं. "परत एकदा ओता ना, आई," असं करता करता माझ्यावरची घावनं गार होत आणि कोंबड्यांना जात. ज्या चवीची गावोगाव वाहवा होत होती, ती कुणी चाखलेलीच नव्हती. हे मला ठाऊक होतं, तरी मी मिरवत होते.

मग दमयंतीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. रत्नागिरीला एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं नंतर करायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, काही आठवडे धुराजवळ जायचं नाही आणि डोळा मुळीच चोळायचा नाही. तेजस्वीने ते मनावर घेतलं. आधी काढलेले व्हिडिओ तिने मोबाईलमध्ये तारखा नेमून लावून ठेवले होते, ते आपोआप जात राहिले आणि एक दिवस संपले. पेज थंडावलं. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली तरी एकही खोली लागली नव्हती. संध्याकाळी पडवीत बसून गौरव मुंबईच्या जुन्या मालकाशी फोनवर बोलला. दमयंती आतून ऐकत होती.

दुसऱ्या सकाळी ती शिवलेली नऊवारी घालून माझ्यासमोर येऊन बसली.

"आई, डॉक्टर काय म्हणाले विसरलात का?" तेजस्वीने विचारलं.

"डाक्तराचा पोरगा त्याच्याजवल हाय. माजा चाल्लाय मुंबैला."

तेजस्वी नको म्हणाली. परत एकदा नको म्हणाली. मग तिने मोबाईल उचलला. "एकदाच हां, आई. झालं की लगेच उठायचं."

माझा जाळ त्या दिवशी स्वच्छ होता. पाणी दमयंतीनेच शिंपडलं. "धूर नको व्हय तुला?" म्हणाली. वारा समुद्राकडून आला आणि सगळा धूर तिच्या तोंडावर गेला. ती कळवळली, तिने पदर उचलला आणि डोळा चांगला चोळला. "चोळू नका!" म्हणून तेजस्वी धावली, पण कॅमेऱ्याने ते टिपलं होतं.

दमयंती हसून म्हणाली, "काय झाला न्हाय गो." तेजस्वीने चोळल्याचा क्षण कापला, पण डोळ्यात पाणी तरळलेला तसाच ठेवला, कारण तो छान आला होता. खाली लिहिलं, 'आईच्या डोळ्यांतली माया'. आणि पुढच्या दिवसाची वेळ लावून टाकली.

पुढच्या दिवशी डोळा सुजून बंद झाला. तिला घेऊन दोघं रत्नागिरीला धावली. व्हिडिओची आठवण कुणालाच राहिली नाही. तो आपल्या वेळेला आपोआप गेला.

परत आल्यावर पडवीत तेजस्वी गौरवला सांगत होती, "तिकडे डॉक्टर म्हणत होते की हा डोळा आता यायचा नाही, आणि माझ्या हातातला फोन वाजायचा थांबेना. लोक लाल बदाम पाठवत होते रे. त्यांच्या त्या पाण्यावर." दिवाळीच्या सगळ्या खोल्या भरल्या होत्या. गौरवला कुठे जायची गरज उरली नव्हती.

तो उठला आणि कुदळ घेऊन माझ्यावर आला. मला बरंच वाटलं. पण दमयंती, एक डोळा बांधलेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू तसाच, चाचपडत मध्ये आली.

"ठेव ती. मातीनं काय केलंन? पेटवली मी."

"धूर करायला मीच शिकवलं, आई," तेजस्वी म्हणाली. गौरवने कुदळ भिंतीला टेकवून ठेवली.

तेजस्वीने तो व्हिडिओ काढून टाकला, पण लोकांनी तो आधीच उतरवून पुढे पाठवला होता. पाहुणे आले की आधी मला शोधत, मला पेटवा म्हणत, फोटो हवा म्हणत. तेव्हा दमयंतीने खुडूक कोंबडी आणली, माझ्या पोटात गवत घातलं, अंडी मांडली आणि कोंबडी वर बसवली. "आता पेटवा कुनाला पेटवायची ती," म्हणाली. तेजस्वी पाहुण्यांना सांगते, कोंबडी बसली आहे, उठवता येणार नाही. काहीजण नाराज होतात आणि पेजवर तसं लिहितात. ती ते पुसत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. मला खुशाल विसरा. फक्त मोबाईलवर कुठे धूर सुंदर दिसला, तर बोट लावण्याआधी एवढं मनात आणा की तो कुणाच्या तरी डोळ्यांत जातो आहे.

काल माझ्यात पिल्लं निघाली. दमयंती मॅक्सीतच पाट घेऊन बसली, हाताने माझी कड चाचपत गेली आणि खळगा सापडल्यावर तिथे अंगठा टेकवला. मग आत तोंड घालून पाहू लागली.

"किती गो?" तिने विचारलं.

"सात, आई."

"पांडरा हाय काय एकादा?"

तेजस्वी गुडघ्यांवर बसली आणि तिने एकेका पिल्लाचा रंग सांगितला. दमयंतीने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सगळे सांगितले. सांगता सांगता ती ओढणीने डोळे पुसत होती, आणि माझ्यात तर साधा निखाराही नव्हता.