पाटीवरचं नाव

फणीचे दोन दात मुळापासून गेलेले, तिसरा अर्धा... तो अर्धा आपल्याच केसांत तुटला होता, आणि मेय्यम्मै आचींचं बोट नकळत काचेला टेकलं.

"हात नको ना, आची! सकाळपासून तीनदा पुसली ती काच," तमिळसेल्वी म्हणाली. गावातलीच ही मुलगी, घराचं संग्रहालय झाल्यापासून इथं कामाला होती.

आचींनी हात मागे घेतला. आपल्याच घरात... पण आपलं कसलं? भावांनी सह्या करून घर देऊन टाकलं तेव्हा त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. चेन्नईहून कारैकुडीला येऊन उतरल्या होत्या त्या फक्त एकदा पाहून घ्यायला.

काचेखाली पाटी होती— 'रंगूनची हस्तिदंती फणी. घरातील सुनेची.'

सुनेची? अत्तैची होती ती— वडिलांच्या बहिणीची, जिचा नवरा रंगूनच्या पेढीवर तापानं गेला, आणि तो गेल्याची तार आधी आली, त्यानं पाठवलेली फणी महिन्याभरानं, बोटीतून. पांढऱ्या साडीतल्या अत्तैनं ती स्वतःच्या केसांना कधी लावली नाही. दुपारी बायका सांडगे वाळत घालायला मागच्या चौकात गेल्या की कोठीशेजारच्या तिच्या खोलीत ती मला पुढ्यात घ्यायची, आणि इतकं हळू विंचरायची... गुंता सुटला तरी विंचरतच राहायची. मानेवर तिचा श्वास लागायचा. दात तुटला तेव्हा मी भोकाड पसरलं आणि ती हसली. तेवढंच तिचं हसणं मी ऐकलं.

"सून नव्हती गं ती," आचींचा आवाज चढलाच. "लेक होती या घरची. बदला ती पाटी."

सेल्वी ओशाळली नाही, उलट खुललीच. "अय्यो, मग सांगा की! आम्हाला कोण सांगणार? पुरुषांचे फोटो तेवढे नावानिशी आहेत. आतल्या खोल्यांतलं काय कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही." तिनं वही उघडली. "हं, नाव काय त्यांचं?"

आचींनी तोंड उघडलं.

अत्तै... आम्ही मुलं अत्तै म्हणायचो. आई तिच्या पाठीमागे 'ती पांढरी' म्हणायची. आजी 'अगं' म्हणायची. आजोबा नुसते खाकरायचे, की ती डोक्यावरचा पदर सावरत उठून यायची. मी आठ वर्षांची असताना ती गेली, आणि त्यानंतरच्या साठ वर्षांत— एकदाही— विचारावंसं वाटलं नाही?

"आठवेल, बसा तुम्ही," सेल्वी म्हणाली. "नाहीच आठवलं तर तुमचंच नाव घालते, हां!" आणि हसत पाणी आणायला गेली.

आची चौकाच्या कडेला, सागवानी खांबाला टेकून बसल्या. उण्णामलै? सिगप्पी? देवानै?... एकेक नाव मनात घ्यायचं आणि थांबायचं, कोठीच्या बाजूनं कुणी ओ देतंय का म्हणून. भावांनाही ती नुसती अत्तैच; ज्यांना विचारावं ते सगळे संपले होते. बाहेर गाडीवाला खोळंबला होता, पण उठवेना. सकाळी गाडीत बसताना या घरासाठी जीव तुटत होता. आता घर पुढ्यात होतं, खांबासकट, उन्हासकट, आणि जीव तुटत होता तो त्यातल्या एका माणसासाठी, जिला हाक मारायचीच राहून गेली होती.